पानाचा वाटा

घोडबंदर रोडला, येऊरच्या डोंगराच्या कुशीत माझ्या आत्याची सोसायटी आहे. इमारत आणि डोंगराकडची दगडी भिंत यांच्यामध्ये बिल्डरने मातीचा एक लांबट पट्टा सोडला होता. बरीच वर्षं तिथे फुटक्या लाद्या, रंगाचे रिकामे डबे आणि कुणाचा तरी मोडका सोफा पडून होता. भाऊ सेक्रेटरी झाले आणि त्यांनी पहिलं काम हेच हातात घेतलं. राडारोडा उचलायला लावला, लाल मातीचा ट्रक आणवला, नर्सरीतून एक्झोरा, जास्वंद, झेंडू, सदाफुली, रंगीत घाणेरी अशी रोपं आणली आणि दर्शनी बाजूला पाटी ठोकली: ‘फुलपाखरू उद्यान’.

भाऊंनी हे केलं ते नातीसाठी. मनूला फुलपाखरांचं वेड. शाळेतून आली की दप्तर टाकून ती आधी मागच्या बाजूला पळायची. फुलपाखरं येतही होती. डोंगर इतका जवळ असल्यावर ती येणारच. एका दुपारी नीलवंत आलं. काळ्याभोर मखमली पंखांवर फिकट निळ्या रंगाचे मोठे ठसे, आणि पंखांचा पसारा बारा ते पंधरा सेंटिमीटर. भारतातल्या सर्वांत मोठ्या फुलपाखरांत त्याची गणना होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखरू ठरवलं, आणि असा मान फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. मनूने ही माहिती एका दमात म्हणून दाखवली. भाऊंनी काढलेला फोटो त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. सगळ्यांनी वाहवा केली.

पण नीलवंत एक्झोरावर घटकाभर बसलं, सोंड खुपसून मध प्यालं आणि भिंतीवरून डोंगराकडे निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं आलं, तेही तसंच गेलं. भाऊंच्या मनाला हे लागलं.

“एवढं करतो आपण, पण राहत नाहीत हो,” ते मला म्हणाले. मी पक्ष्या-फुलपाखरांमागे फिरते हे त्यांना ठाऊक होतं. “काय कमी आहे इथे?”

उत्तर त्यांच्या पाठीमागे दहा पावलांवर उभं होतं. आत्याचं घर तळमजल्यावर, आणि पट्ट्याच्या अगदी शेवटी, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, तिने भाऊंच्या आधीपासून लावलेली दोन लिंबाची झाडं आणि एक कढीपत्ता होता. उद्यानाच्या नकाशात त्यांना जागा नव्हती. दिसायलाही ती काही शोभेची नव्हती. पानं कुरतडलेली, कोवळे शेंडे खाऊन टाकलेले.

“ताई, तुमचं लिंबू किडलंय,” भाऊ आत्याला म्हणाले. “मंगळवारी औषधवाला येतोय. त्याच फेरीत मारून घेऊ.”

“किडलं नाही,” आत्या म्हणाली. “जेवतायत.”

भाऊंना वाटलं, ताईंचं काहीतरी बोलणं आहे. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

आत्याने आयुष्य ठाणे स्टेशनजवळ खाणावळ चालवण्यात घालवलं. कोण उपाशी आहे, कोण नुसताच चघळतोय आणि कोण ताटावरून अर्धपोटी उठतोय, हे तिला दारातूनच कळायचं. त्यामुळे लिंबावर काय चाललंय ते समजायला तिला पुस्तक लागलं नाही. ती भाजी निवडत खिडकीशी बसायची आणि बघायची. नीलवंताची मादी यायची. ती एक्झोराकडे ढुंकूनही बघत नसे. लिंबाभोवती फडफडत एकेका पानावर क्षणभर टेकायची, पुढच्या पायांनी पानाला टिचक्या मारल्यासारखं करायची आणि पुढे जायची. फुलपाखराला पायांनी चव कळते. पान आपल्या पिल्लांच्या कामाचं आहे की नाही, हे ती अशी पारखते. मनाजोगतं पान मिळालं की पोट वाकवून एकच अंडं चिकटवायची, मोहरीएवढं, फिकट पिवळं, आणि दुसरं अंडं दुसऱ्या पानावर. सगळी एका जागी ठेवायची नाहीत, हा तिचा शहाणपणा.

मंगळवारी औषधवाला आला. आत्या लिंबाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “इथे नको.” तो भला माणूस होता. त्याने लिंबावर नळी धरली नाही. बाकीच्या सगळ्या पट्ट्यावर मात्र फवारलं. वारा डोंगराकडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखालच्या मातीत अळ्या पडलेल्या होत्या. काही काळवंडलेल्या, काही अजून वळवळणाऱ्या. आत्याने त्या पानावर गोळा केल्या आणि झाडाच्याच बुंध्याशी पुरल्या. कुणाला दोष दिला नाही. भाऊंना तर ती बोललीच नाही. तिचं म्हणणं, ज्याला अळी ही फुलपाखराची आहे हे माहीतच नाही, त्याच्याशी भांडून काय होणार?

हे एका सोसायटीपुरतं नाही, म्हणून मला ते इतकं बोचतं. गावोगाव, शहरोशहरी अशा पाट्या लागतायत, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण नर्सरीत जाऊन आपण मागतो ती फुलं. मध फुलपाखराला कुठेही मिळतो. त्याचं अडतं ते पिल्लांच्या खाण्यावाचून. आणि प्रत्येकाच्या अळीचं पान ठरलेलं. नीलवंताला लिंबाच्या कुळातली झाडं हवीत. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या त्या केशरी फुलपाखराला रुई हवी. पावसाळ्यात गवतावर भिरभिरणाऱ्या चिमुकल्या पिवळ्यांना टाकळा चालतो. काळ्या-पांढऱ्या-लाल रंगाच्या एका इवल्याशाला पानफुटीच हवी. रुई आपण उपटतो, टाकळा तण म्हणून काढतो आणि पानं खाल्लेली दिसली की औषध आणतो. मग फुलपाखरं कमी झाली म्हणून हळहळतो.

त्या हिवाळ्यात ऐरोलीहून खाडीत बोटीने रोहित पक्षी बघायला आम्ही गेलो होतो. भाऊ, वहिनी, मनू, आत्या आणि मी. ओहोटी होती. कांदळवनाच्या पुढे चिखलाची पठारं उघडी पडली होती आणि त्यांच्यावर गुलाबी पक्षी हजारोंनी मान खाली घालून चरत होते. मनू तर बोलायचंच विसरली. चिखलाचा वास मात्र उग्र होता. भाऊंनी रुमाल नाकाला लावला.

“ही एवढी घाण नसती तर काय बहार आली असती!” ते म्हणाले.

बोट चालवणारा कोळी दादा शांतपणे म्हणाला, “साहेब, ही घाण नसती तर हे कशाला आले असते? हेच तर त्यांचं जेवण.”

खरं होतं ते. रोहित पक्ष्याचं पिल्लू करड्या रंगाचं असतं. चिखलातलं सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव खाऊन खाऊन त्यांच्यातली रंगद्रव्यं अंगात मुरतात, तेव्हा कुठे तो गुलाबी रंग चढतो. चिखल काढून टाकला तर गुलाबीही जाईल. आत्याने दादाला विचारलं, “दिवसभर खातात?” “रात्रीपण खातात,” दादा म्हणाला. तिला हे ऐकून फार समाधान वाटलेलं दिसलं.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे राजस्थानला गेलो. जैसलमेरहून जोधपूरकडे येताना फलोदीजवळ खीचन नावाचं गाव लागतं. तिथे थांबायचंच असा माझा आग्रह होता. थंडी कडाक्याची. उजाडायच्या आत आम्ही एका घराच्या गच्चीवर जाऊन बसलो. खाली कुंपण घातलेलं मोकळं मैदान होतं, त्याला ते चुग्गाघर म्हणतात. मैदानावर ज्वारी पसरलेली होती. पोती रिकामी करून ती सारखी पसरायचं काम गावची माणसं आधीच उरकून गेली होती.

पहिल्यांदा नुसता आवाज आला. दूरवर कुठेतरी मोठा जमाव एकाच वेळी बोलतोय असा. मग आभाळाच्या कडेला रेघ दिसली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळं आभाळ रेघांनी भरलं. कांड्या करकोचे. राजस्थानात त्यांना कुरजां म्हणतात. परदेशी गेलेल्या नवऱ्याला कुरजांबरोबर निरोप धाडणाऱ्या बाईचं लोकगीत तिकडे घरोघरी गातात. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यांमागून पांढऱ्या पिसांचा झुबका. करकोच्यांच्या साऱ्या जातींत हा सर्वांत लहान, वजन जेमतेम दोन-तीन किलो. आणि एवढासा जीव मंगोलिया आणि मध्य आशियातल्या गवताळ माळांवरून हिमालय ओलांडून इथे येतो. ते लगेच उतरले नाहीत. वरच्या वर घिरट्या घालत राहिले. खाली कुत्रं आहे का, माणूस आहे का, याची खातरी करून घेतली. मग पाय सोडून एक तुकडी उतरली, तिने दाणे टिपायला सुरुवात केली, तशी दुसरी, तिसरी. थोड्याच वेळात मैदानाची माती दिसेना. नुसत्या माना. मनूने आत्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

गच्चीवर घरातलेच एक म्हातारे गृहस्थ चहा घेऊन आले होते. भाऊंनी त्यांना विचारलं, “बाबा, कितने साल से ये सब करते हैं? गाँव को इससे क्या मिलता है?”

म्हातारबाबांना प्रश्नाचा दुसरा भाग समजलाच नाही असं वाटलं. ते म्हणाले, खातात म्हणून येतात. आधी थोडी यायची, दाणे पडत राहिले, येत राहिली. सप्टेंबरच्या सुमाराला येतात आणि थंडी सरली की जातात. गावातली जी कुटुंबं व्यापारासाठी दूर गेलीत तीसुद्धा ज्वारीसाठी पैसे पाठवतात. एवढं बोलून त्यांनी भाऊंपुढे चहाचा कप धरला.

भाऊ हेलावून गेले. खाली उतरल्यावर त्यांनी ज्वारीच्या पोत्याचे पैसे दिले आणि पावतीही घेतली नाही. २०२५ च्या जूनमध्ये खीचनला रामसर यादीत स्थान मिळालं तेव्हा त्यांनी मला सकाळीच फोन करून बातमी वाचून दाखवली, जणू त्यांच्याच गावाचा मान झाला. पण ते पुढचं. त्या वेळी परत येताना गाडीत ते एकच बोलत होते: “आपणही काहीतरी केलं पाहिजे.”

आणि घरी आल्यावर त्यांनी केलं. रोज सकाळी गच्चीवर ज्वारी टाकू लागले.

करकोचे अर्थातच आले नाहीत. पारवे आले. आधी थोडे, मग थव्याने. ज्वारी संपली की ते खिडक्यांच्या सज्जांवर, एसीच्या मागे, पाण्याच्या टाकीवर बसू लागले. वाळत घातलेले कपडे खराब होऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास. त्यांचा मुलगा तक्रार घेऊन आला आणि तो चुकीचं काही बोलत नव्हता. पारव्यांच्या विष्ठेमुळे काही माणसांच्या फुप्फुसांना त्रास होतो हे डॉक्टरही सांगतात. मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढं रान उठलं ते सगळ्यांनी पाहिलंय. भाऊंनी ज्वारी बंद केली, पण ते मनातून खचले. पट्ट्यातल्या बाकावर बसून राहिले.

“तिथे त्यांनी दाणे टाकले तर हिमालयापलीकडून पाहुणे आले,” ते आत्याला म्हणाले. “मी टाकले तर लोकांना दमा झाला. चांगलं करायला गेलो तरी आपल्या हातून होत नाही, ताई.”

आत्या मेथी निवडत होती. ती म्हणाली, “भाऊ, मला पुरणपोळी करायची भारी हौस. खाणावळीत शनिवारी हटकून करायची. एसटीतला एक ड्रायव्हर यायचा, रात्रपाळी करून, डोळे लाल. त्याला मी पोळी वाढायची, वर तूप. तो बिचारा दोन घास खाऊन उठायचा. एकदा विचारलं, बाबा रे, तुला काय पाहिजे? म्हणाला, ताकभात. दुसऱ्या दिवसापासून त्याचा ताकभात बाजूला काढून ठेवला. बदली होईपर्यंत त्याने दुसरीकडे पाऊल टाकलं नाही. पुरणपोळीत काही खोट नव्हती. पण खाणाऱ्याचं पोट बघून वाढायचं असतं, आपली हौस बघून नाही. तुमच्या त्या गावातल्या लोकांनी करकोच्याला ज्वारी लागते हे आधी बघितलं असणार.”

भाऊ गप्प राहिले. मग म्हणाले, “इथे कोणाला काय लागतं?”

“या,” आत्या म्हणाली आणि त्यांना लिंबापाशी घेऊन गेली.

लिंबाला नवी पालवी फुटली होती. तांबूस-पोपटी, हाताला लुसलुशीत. तिने एक पान हलकेच उलटलं. “हे बघा.”

“पक्ष्याने घाण केलीय,” भाऊ म्हणाले.

“हात लावा.”

भाऊंनी बोट लावलं, आणि ती घाण हलली. काळपट-तपकिरी अंगावर मध्येच पांढरा पट्टा, थेट पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी होती ती. कोण खाणार असल्या गोष्टीला? हेच तर तिला हवं असतं. तिने डोकं वर उचललं आणि मानेमागून एक दुभागलेलं, केशरी-तांबडं शिंग बाहेर काढलं. त्याबरोबर आंबट-उग्र वास आला. मुंगी किंवा गांधीलमाशी आली तर तिला पळवून लावायचं हे हत्यार. भाऊंनी दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा वाकून जवळ गेले. शिंग हळूच आत गेलं आणि अळी पानाची कड कुरतडू लागली. कान जवळ नेला तर कुरतडण्याचा आवाज येईल इतकी ती मन लावून खात होती.

“ही त्या निळ्याची?” त्यांनी विचारलं.

“त्याचीच.”

“म्हणजे मी गेल्या वर्षी...”

“खायला आली होती ती,” आत्या एवढंच म्हणाली आणि त्यांना दुसरं पान दाखवू लागली.

त्या उन्हाळ्यात मनूची सुट्टी लिंबापाशी गेली. भाऊंचीही. भिंग आलं, वही आली. अंड्यातून बाहेर पडल्यावर अळी पहिला घास आपल्याच अंड्याच्या टरफलाचा घेते, हे मनूने स्वतः पाहिलं आणि दिवसभर ते प्रत्येकाला सांगत सुटली. अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातेनंतर ती शिटेसारखी राहत नाही. हिरवीगार होते, मानेच्या फुगवट्यावर दोन खोटे डोळे येतात आणि इवल्याशा सापासारखी दिसू लागते. मग खाणं थांबवून ती फांदीवर जागा शोधते, शेपटीकडून रेशमाने स्वतःला चिकटवते, कमरेभोवती रेशमाचाच एक धागा टाकते आणि त्या धाग्यावर रेलून कोश होते. वही भरत गेली. औषधवाल्याला भाऊंनी स्वतः फाटकावर गाठून सांगितलं की मागच्या पट्ट्यात यायचं नाही, उंदरांचं काय ते पुढच्या बाजूला बघ.

मग दयाळ आला.

दगडी भिंतीत डोंगराचं पाणी झिरपून जावं म्हणून ठेवलेली भोकं आहेत. त्यांतल्या एका कोरड्या भोकात दयाळाच्या जोडीने घरटं केलं होतं. पहाटे नर गच्चीच्या टोकावर बसून शीळ घालायचा. काळा-पांढरा, शेपटी उभारलेली, आणि शीळ अशी की झोप मोडल्याचं दुःख होऊ नये. भाऊंना तो फार आवडायचा. पण पिल्लं बाहेर आली आणि दयाळाने लिंबाचा पत्ता काढला. मनूच्या डोळ्यांदेखत त्याने एक चांगली वाढलेली हिरवी अळी उचलली, भिंतीवर दोन-चारदा आपटली आणि भोकात नेली. थोड्या वेळाने मादी आली, तिने एक नेली. मनू रडायलाच लागली. भाऊंचा चेहरा लाल झाला.

“जाळी आणतो,” ते म्हणाले. “आजच आणतो. हिरवी जाळी मिळते, पूर्ण झाकून टाकू झाडं.”

“आणि त्या पिल्लांनी काय खायचं?” आत्याने विचारलं.

“दाणे टाकतो ना त्यांना!”

बोलता बोलता भाऊ थांबले. दाणे हा शब्द आता त्यांना सहज उच्चारता येत नव्हता.

मी त्यांच्याजवळ बसले. सांगितलं की दयाळाच्या पिल्लांना दाणे चालतच नाहीत. इतकंच काय, चिमणी, सुगरण असे जन्मभर दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना भरवतात ते मुख्यतः किडे आणि अळ्या, कारण वाढत्या जिवाला तेच पचतं आणि अंगी लागतं. सुगरणीवरून मला किहीम आठवलं. अलिबागजवळच्या त्या गावी १९३० च्या सुमारास सालिम अलींनी सुगरणींची वसाहत दिवसेंदिवस बसून न्याहाळली. नर घरटं अर्धंच विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडलं तरच ती आत बसते आणि तो पुढचं काम पुरं करतो. नाही पडलं तर त्याने कितीही पंख फडफडवून नाच केला तरी ती निघून जाते. राहणाऱ्याने पसंत करायचं असतं, असं मी म्हणाले. मनूने डोळे पुसले आणि विचारलं, “म्हणजे दयाळाला आपलं लिंबू पसंत पडलं?”

“त्याला भिंतही पसंत पडली आणि लिंबूही,” आत्या म्हणाली. “नीलवंत शंभर ठिकाणी अंडी घालतं, सगळी जगावीत म्हणून नाही. त्यातली काही मुंग्यांची, काही गांधीलमाशीची, काही याची. उरेल ते उडेल.”

भाऊंनी जाळी आणली नाही. पण त्यांना ते सोपं गेलं नाही, हे मी पाहिलं. दयाळ लिंबावर उतरला की ते दुसरीकडे बघायचे. मनूने मात्र वहीत नवं पान सुरू केलं. एका बाजूला ‘झाडावर’, दुसऱ्या बाजूला ‘भिंतीत’. भिंतीतली पिल्लं बाहेर पडली तेव्हा ती तिने दयाळाच्याच नावे नाही, लिंबाच्याही नावे लिहिली. हिशेब तिचा बरोबर होता.

पाऊस लागल्यावर लिंबाने पुन्हा पालवी काढली. अशा झाडाचं एक बरं असतं, चांगलं रुजलेलं असेल तर पानं गेल्याचा त्याला तेवढा आजार होत नाही. लहान रोपाला जपावं लागतं, एवढंच. कोशांतून जी काही नीलवंतं बाहेर पडली त्यांतलं एक मनूने अगदी जवळून पाहिलं. ओलसर, चुरगळलेले पंख घेऊन ते कोशाच्या टरफलाला लटकून राहिलं होतं. कुणीही त्याला हात लावला नाही. पंख भरत गेले, सुकले, आणि ते डोंगराकडे गेलं. पूर्वी ते गेलं की भाऊ उसासा टाकायचे. आता त्यांना परतीचा पत्ता माहीत होता.

ऑगस्टमध्ये वार्षिक सभा झाली. आत्याबरोबर मीही मागे बसले होते. बी विंगमधल्या एका वहिनींनी विषय काढला. “पाटीवर लिहिलंय फुलपाखरू उद्यान आणि आत बघावं तर झाडं भुंडी. लिंबाला धड एक पान नाही. पाहुणे येतात, काय वाटेल त्यांना? औषध का बंद केलं?”

भाऊ उठले. त्यांनी मनूची वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली. कोणत्या झाडावर कोण जेवतं, किती दिवस जेवतं, त्याला कोण नेतं, नेलेलं कुणाच्या पोटात जातं. सांगता सांगता ते खाडीतल्या चिखलापर्यंत गेले, खीचनच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्यापर्यंत गेले, आणि आपल्या गच्चीवरच्या पारव्यांचाही विषय त्यांनी टाळला नाही. सभेत इतका वेळ कुणी कुणाचं ऐकत नाही, पण लोक ऐकत होते. मग त्यांनी मागणी मांडली. पट्ट्यात आणखी एक लिंबू आणि एक महाळुंग लावायचं. कोपऱ्यात रुई येऊ द्यायची, तिचा चीक मुलांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कुंपणाच्या आत. पावसाळ्यात टाकळा उगवला तर माळ्याने तो उपटायचा नाही. औषध मागच्या बाजूला मारायचं नाही.

“आणि लिंबं?” कुणीतरी विचारलं. “ती मिळणार की नाही आम्हाला?”

“मिळतील तेवढी मिळतील,” भाऊ म्हणाले. “त्यांचं जेवण झाल्यावर.”

बी विंगमधल्या वहिनी थोडा विचार करून म्हणाल्या, “नवं लिंबू आमच्या खिडकीसमोर लावा मग. माझ्या मुलालाही बघू दे.” ठराव मंजूर झाला. भाऊ सही करणार इतक्यात मनू आत्याच्या मांडीवरून उठून टेबलापाशी गेली आणि आजोबांच्या कानात काहीतरी बोलली. भाऊंनी पेन पुन्हा उघडलं, ठरावाखाली आणखी एक ओळ लिहिली आणि ती मोठ्याने वाचून दाखवली: “दगडी भिंतीच्या दुरुस्तीत डावीकडून चौथं भोक सिमेंटने बुजवू नये.” त्यालाही कुणाची हरकत नव्हती. सभा पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळली.